आईचे काम शून्य कसे?

आम्ही शास्त्र शाखेचे नव्हे. आमचे शिक्षण बी.कॉम. आणि नोकरी कारकुनाची. दिवसभर व्हाउचर आणि खतावणी यांत डोके घालून बसायचे आणि संध्याकाळी वस्तीतल्या समाजमंदिरात मुलांचा अभ्यासवर्ग घ्यायचा, असा आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. गणित आणि इंग्रजी आम्ही घेतो. विज्ञान शिकवायला इंजिनिअरिंगचा एक होतकरू मुलगा येत असे. त्याला बाहेरगावी नोकरी लागली. त्याचे चांगले झाले याचा आम्हाला आनंद झाला, पण नववीचे विज्ञान आमच्या गळ्यात पडले.

पहिलाच धडा निघाला तो कार्य आणि ऊर्जा यांचा. आम्ही आदल्या रात्री व्याख्या पाठ केल्या आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर उतरवून दिल्या. बल लावून वस्तूचे विस्थापन झाले तर कार्य झाले. बलाची दिशा आणि विस्थापनाची दिशा एकमेकींना लंब असतील तर त्या बलाने केलेले कार्य शून्य. उदाहरण म्हणून सांगितले की हमाल डोक्यावर ओझे घेऊन सपाट फलाटावरून चालतो. ओझे पेलणारे बल वरच्या दिशेला, चालणे आडव्या दिशेला. म्हणून ओझ्यावर केलेले कार्य शून्य.

मागच्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. तिची आई बांधकामावर विटा वाहते.

"काका, माझी आई दिवसभर ओझी वाहते. रात्री तिला हात वर करता येत नाहीत, तिचे केस मी विंचरते. ती काहीच काम करत नाही, असं पुस्तकात लिहिलंय का?"

काही मुले हसली. आम्ही म्हणालो, "अगं, परीक्षेत शून्यच लिहायचं. मार्क मिळतात."

ती बसली नाही. "पण पुढच्या पानावर लिहिलंय की ऊर्जा नष्ट होत नाही. आई सकाळी भाकरी खाऊन जाते. संध्याकाळी तिच्या अंगात काही उरत नाही. मग ती ऊर्जा गेली कुठं?"

आम्ही घाईने बोलून गेलो, "ती थकव्यात नष्ट झाली."

"पण नष्ट होत नाही ना?"

आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि वर्ग सोडला.

ती मुलगी पुढे दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीकडून कळले की ती म्हणते, सायन्स आपलं नाही. वाचकहो, हे वाक्य आमच्या चांगल्या ओळखीचे आहे. आम्ही शाळेत असताना झोका थांबला की त्याची ऊर्जा कुठे जाते, असे विचारले होते. "पाठ कर आणि खाली बस" असे उत्तर मिळाले. आम्ही खाली बसलो, ते पुढे कॉमर्सच्या बाकावर जाऊन बसलो. कॉमर्सचे आम्हाला दुःख नाही, त्यावर आमचे घर चालले. परंतु जे दार आमच्या तोंडावर लागले होते, तेच आम्ही दुसऱ्याच्या लेकीच्या तोंडावर लावले, याची मात्र लाज वाटली.

त्या रविवारी आम्ही धडा पुन्हा उघडला. या खेपेला पाठ करण्यासाठी नव्हे. आणि नवल असे की, धडा समजायला आमची कारकुनीच कामाला आली.

पुस्तकात एक दगड होता. आम्ही त्याचे वजन २ किलो धरले आणि त्याला ५ मीटर उंचीवर ठेवले. उंचीमुळे वस्तूत जी ऊर्जा साठते ती स्थितिज ऊर्जा. वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची, म्हणजे २ गुणिले ९.८ गुणिले ५, बरोबर ९८ ज्यूल. दगड हलत नाही, म्हणून गतीची ऊर्जा, म्हणजे गतिज ऊर्जा, शून्य. आता दगड सोडला. तो २ मीटर खाली आला तेव्हा उंची ३ मीटर उरली, स्थितिज ऊर्जा ५८.८ झाली. कमी झालेले ३९.२ ज्यूल गतीच्या खात्यात जमा झाले. बेरीज पुन्हा ९८. जमिनीला टेकण्याच्या अगदी आधी उंचीचे खाते रिकामे आणि गतीच्या खात्यात पुरे ९८. या दोन खात्यांच्या बेरजेला यांत्रिक ऊर्जा म्हणतात. एका खात्यातून नावे, दुसऱ्या खात्यात जमा. हे तर आम्ही रोज करतो!

गतिज ऊर्जा काढताना निम्मे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग असे करावे लागते. हा वर्ग कुठून आला, याचाही शोध घेतला. अठराव्या शतकात हॉलंडमधल्या ग्राव्हेसांडे या शास्त्रज्ञाने मऊ मातीवर धातूचे गोळे टाकून पाहिले. वेग दुप्पट केला की खड्डा दुप्पट नव्हे, चौपट खोल पडे. त्या प्रयोगाचे महत्त्व ओळखून वेगाच्या वर्गाची बाजू ठामपणे मांडणारी एक स्त्री होती, फ्रान्सची एमिली द्यु शातले. तिचा भौतिकशास्त्रावरचा ग्रंथ १७४० साली निघाला. न्यूटनच्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतरही तिने केले. हे वाचताना आम्हाला ती मागच्या ओळीतली मुलगी आठवली.

पण खरी अडचण पुढेच आहे. दगड जमिनीवर आपटला आणि पडून राहिला. उंची नाही, गती नाही. दोन्ही खाती शून्य. मग ९८ ज्यूल गेले कुठे? आमच्या झोक्याचा प्रश्नही हाच आणि त्या मुलीचा प्रश्नही हाच.

इथे आमच्या लक्षात आले की पुस्तकात दोन वेगवेगळी विधाने आहेत आणि आम्ही ती एकच समजून बसलो होतो. पहिले विधान असे की घर्षण, हवेचा विरोध, धक्का असे काही आड आले नाही, तर यांत्रिक ऊर्जा कायम राहते. हे विधान अटीचे आहे. दुसरे विधान असे की सगळ्या प्रकारची ऊर्जा मोजली, तर एकूण ऊर्जा कायमच राहते. त्याला घर्षणाची अट नाही. पहिले आहे फक्त दोन खात्यांपुरते आणि दुसरे आहे अख्ख्या खतावणीचे. दोन खाती तपासून रक्कम कमी आढळली, तर कोणी शहाणा हिशेबनीस पैसे नष्ट झाले असे म्हणत नाही. तो तिसरे खाते शोधतो.

हे तिसरे खाते म्हणजे बहुतेक वेळा उष्णता. दगड आपटला तेव्हा थोडा आवाज झाला, माती दबली, दगड आणि जमीन किंचित तापली. ते तापणे इतके थोडे असते की हाताला कळत नाही. म्हणून तर ते शोधायला माणसाला एवढा काळ लागला.

ज्यांनी ते शोधले, त्यांची हकिगत वाचून आम्हाला मोठा धीर आला. जेम्स ज्यूल हा इंग्लंडमधल्या सॅल्फर्डचा. घरचा धंदा बिअर तयार करण्याचा. तो कुठल्या विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता. १८४० नंतरच्या दशकात त्याने पाण्याच्या भांड्यात वल्ह्यांचे चक्र बसवले, त्याला दोरीने वजने बांधली. वजने खाली उतरत, चक्र फिरे, पाणी घुसळले जाई आणि अगदी किंचित तापे. वजने किती उतरली आणि पाणी किती तापले, याचा त्याने पुन्हा पुन्हा मेळ घातला. आजच्या मापाने सांगायचे, तर १ ग्रॅम पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४.१९ ज्यूल लागतात. म्हणजे पाणी ४२७ मीटर उंचीवरून पडले आणि त्याची सगळी ऊर्जा त्याच पाण्यात उष्णता होऊन राहिली, तर ते जेमतेम १ अंशाने तापेल! ज्यूलच्या आधी, १८४२ साली, रॉबर्ट मायर या जर्मन डॉक्टरने हाच विचार मांडला होता. तो जहाजावरचा डॉक्टर म्हणून जावा बेटापर्यंत गेला होता आणि उष्ण प्रदेशातल्या माणसाचे रक्त, अन्न आणि शरीराची ऊब यांचा विचार करता करता या नियमापाशी पोचला. १८४७ साली हा नियम गणितात नीट बसवणारा हेल्महोल्ट्झ, तोही पेशाने डॉक्टरच. एक बिअरवाला आणि दोन डॉक्टर. मग कारकुनाने का लाजावे?

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. विसाव्या शतकात काही किरणोत्सारी पदार्थांच्या अणूंतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनचा हिशेब जुळेना. ऊर्जा कमी भरे. नील्स बोर यांच्यासारखा थोर शास्त्रज्ञही म्हणू लागला की कदाचित इथे हा नियम काटेकोर पाळला जात नसेल. १९३० साली वोल्फगांग पाउली याने सुचवले की एखादा न दिसणारा कण ती ऊर्जा घेऊन जात असावा. आमच्या भाषेत त्याने सस्पेन्स खाते उघडले. तो कण, म्हणजे न्यूट्रिनो, प्रयोगात सापडला १९५६ साली. २६ वर्षे ते खाते उघडे राहिले आणि शेवटी जुळले.

आता उरला आईचा हिशेब. तो मांडल्याशिवाय वर्गात जायचे नाही, असे आम्ही ठरवले.

एका विटेचे वजन सुमारे ३ किलो. डोक्यावर १० विटा म्हणजे ३० किलो. एक मजला ३ मीटर. एका खेपेला विटांना मिळालेली स्थितिज ऊर्जा ३० गुणिले ९.८ गुणिले ३, म्हणजे ८८२ ज्यूल. दिवसाला ४० खेपा धरल्या तर ३५,२८० ज्यूल. म्हणजे जिना चढताना आईचे कार्य शून्य नाही. सपाटीवर चालताना मात्र विटांची उंची वाढत नाही आणि चाल एकसारखी असेल तर वेगही वाढत नाही. विटांच्या खात्यात काही जमा होत नाही, म्हणून तिथे शून्य. हे शून्य आईचे नव्हे, विटांच्या खात्याचे आहे!

मग आईचे खाते पाहू. ज्वारीच्या मध्यम भाकरीत साधारण २०० कॅलरी धरू. खाण्याच्या हिशेबातली एक कॅलरी म्हणजे सुमारे ४,१८६ ज्यूल. एका भाकरीचे झाले सव्वाआठ लाखांच्या वर. दिवसभराच्या ४०० विटा वर चढल्या, त्यांच्या खात्यात गेला एका भाकरीचा चोविसावा भाग, म्हणजे एक घास. बाकीच्या भाकऱ्या गेल्या कुठे? आई विटांबरोबर स्वतःलाही वर चढवते आणि पुन्हा खाली आणते. हृदय चालते, श्वास चालतो. ओझे नुसते डोक्यावर धरून उभे राहिले तरी मानेच्या, पाठीच्या, दंडाच्या स्नायूंतले तंतू सारखे आवळत-सैलावत असतात आणि अन्नातली रासायनिक ऊर्जा खर्च होत असते. स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा यांत्रिक कार्याला लागतो, उरलेल्याची उष्णता होते. ती उष्णता अंगात साठली तर माणूस जगणार नाही. म्हणून घाम येतो. एक लिटर घाम अंगावर वाळतो, तेव्हा सुमारे २४ लाख ज्यूल घेऊन जातो. विटांचे ३५ हजार आणि घामाचे २४ लाख! आईची ऊर्जा नष्ट झाली नाही. तिच्या लुगड्यावर जे घामाचे पांढरे डाग दिसतात, ती त्या हिशेबाची पावती आहे.

सोमवारी आम्ही त्या मुलीच्या घरी निरोप धाडून तिला बोलावून घेतले. वर्गासमोर उभे राहून सांगितले, "परवा आम्ही चुकीचं सांगितलं. ऊर्जा थकव्यात नष्ट होत नाही. हिचा प्रश्न बरोबर होता, उत्तर आम्हाला येत नव्हतं." असे बोलायला जीभ जड झाली होती, पण बोलल्यावर बरे वाटले.

मग समाजमंदिराच्या छताच्या हुकाला दोरी बांधली आणि तिला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली लटकवली. त्या मुलीला भिंतीला पाठ लावून उभे केले. बाटली तिच्या हनुवटीपर्यंत ओढून आणली आणि सांगितले, "धक्का द्यायचा नाही, नुसती सोडायची, आणि जागचं हलायचं नाही." बाटली दूर गेली, परत आली. मुले ओरडली. मुलीने डोळे मिटले, पण हलली नाही. बाटली हनुवटीच्या थोडी अलीकडूनच मागे फिरली.

"लागली का नाही?" आम्ही विचारले.

"जेवढ्या उंचीवरनं सोडली, तेवढीच वर येणार. जास्त कुठनं आणेल?"

"आणि थोडी अलीकडं का थांबली?"

तिने जरा विचार केला. "हवेला गेली असंल. वर दोरी हुकाला घासते, तिथं पण."

सगळ्या मुलांना तळहात एकमेकांवर जोरात घासून गालाला लावायला सांगितले. तिसरे खाते सर्वांना सापडले.

एका मुलाने चांगली शंका काढली. ऊर्जा नष्टच होत नसेल, तर सरकार ऊर्जा वाचवा म्हणून जाहिराती का करते? हा प्रश्नही आम्ही आदल्या दिवशी स्वतःला विचारून ठेवला होता. कोयनेच्या धरणातले पाणी उंचावर असते, ते खाली पोफळीच्या वीजगृहात झेप घेते, त्याने टर्बाइन फिरते आणि वीज होते. ती वीज आपल्या घरी पंख्यात येते. पंखा हवा ढकलतो, हवा घासत घासत शांत होते आणि शेवटी खोली किंचित तापते. ज्यूल सगळे शिल्लक असतात, पण हजाराच्या बंद्या रकमेची चिल्लर होऊन ती बाजारभर विखुरली, तशी त्यांची गत होते. रक्कम आहे, पण गोळा करून पुन्हा कामाला लावता येत नाही. वाचवायची असते ती कामाला येणारी ऊर्जा.

आठच्या सुमाराला तिची आई तिला न्यायला आली. मुलीने फळ्यावरचा सगळा हिशेब आईला वाचून दाखवला. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, हेही सांगितले. माउली दाराशीच टेकून ऐकत होती. शाळेचे तोंड तिने फारसे पाहिलेले नाही, पण व्यवहार पक्का.

ती म्हणाली, "म्हंजे एका युनिटात माझ्या शंभर दिवसांच्या विटा चढत्यात. युनिट सात रुपयाला धरलं, तर माझी दिवसाची मजुरी सात पैसं झाली की हो दादा!"

आम्ही क्षणभर गप्प झालो. हिशेब बिनचूक होता. मग म्हणालो, "ताई, ज्यूलवर मजुरी ठरवायची झाली तर आमचा पगार आधी बंद होईल. आम्ही दिवसभर खुर्चीत बसून कागद इकडचा तिकडे करतो. तुमच्या सात पैशांतलं आम्हाला पैसाभरही मिळायचं नाही." ती पदर तोंडाला लावून हसली.

पण घरी जाताना ते सात पैसे आमच्या डोक्यातून जाईनात. विज्ञानाने 'कार्य' हा शब्द आपल्या बोलीतून उचलला आणि त्याला स्वतःचे माप दिले. ते माप यंत्राला, दगडाला, धरणाला चोख लागू पडते. त्या मापाने माणसाच्या कष्टाचे मोल करायचे नसते, हे मुलांना वेळीच सांगितले पाहिजे. नाहीतर शून्य हा आकडा आपल्या आईविषयी आहे असे समजून एखादी हुशार मुलगी पुस्तक मिटून टाकते. परीक्षेत काय लिहायचे तेही आम्ही वर्गात ठरवून टाकले: सपाट जागी ओझे नेताना ओझ्यावर गुरुत्वाविरुद्ध केलेले कार्य शून्य, परंतु वाहणाऱ्याच्या शरीरातील रासायनिक ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होत असते. उत्तर थोडे लांबते, पण खरे आहे.

आमची पालकांना एवढीच विनंती आहे की मुलांनी शंका काढली आणि आपल्याला उत्तर येत नसेल, तर खाली बस म्हणू नये. ज्याला घरखर्चाचा मेळ घालता येतो, त्याला हा धडा मुलाबरोबर बसून समजून घेता येतो.

ती मुलगी आता नियमित येते. परवा वर्ग सुटल्यावर ती फळा पुसता पुसता म्हणाली, "काका, विटांची ऊर्जा आईकडनं आली. आईची भाकरीतनं. भाकरीची ज्वारीतनं आणि ज्वारीची उन्हातनं. मग सूर्याला कोण देतं?"

आम्ही म्हणालो, "उद्या वाचून सांगतो."